माळ्यावरच्या स्लाइड्स कॉम्प्युटरवर आणताना

जुन्या स्लाइड्सचा, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या चौकटीतल्या पारदर्शक फोटोंचा, खोका सापडला की घरातला कॉम्प्युटर कळणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो: स्कॅनर कुठला घेऊ? खरं तर हा चौथा प्रश्न. त्याआधी खोक्यात काय आहे, त्यातलं ठेवण्यासारखं किती आणि त्यातली माणसं-जागा ओळखणारं घरात अजून कोण आहे, हे बघायचं असतं. उपकरण पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित आजच्यापेक्षा चांगलं मिळेल. पण ‘तो हिरव्या स्वेटरमधला कोण?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या काकांकडे आहे ते आता ऐंशी पार आहेत. म्हणून पुढचा क्रम मी त्यांच्या सोयीने लावला आहे, कॅमेऱ्याच्या नाही.

खोका उघडल्यावर

पावसाळ्यात हे काम काढूच नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत उघड्यावर पडलेल्या स्लाइडला बुरशीचं आमंत्रणच असतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसा. टेबलावर चादर अंथरू नका, तिचे तंतू उडतात; साधा पांढरा कागद बरा. पंखा बंद. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, स्लाइड फक्त चौकटीच्या कडांना धरायची. फिल्मवर उमटलेला बोटाचा ठसा वर्षानुवर्षांनी चित्र ज्या थरात असतं त्या जिलेटिनमध्ये मुरतो आणि मग निघत नाही.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक डब्याच्या झाकणाचा, त्यावरच्या पेन्सिलीतल्या नोंदींसकट, मोबाइलवर फोटो काढणे. डबे एकमेकांत मिसळू नका. प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये स्लाइड्स असतील तर त्यांचा क्रम तर मुळीच मोडू नका, कारण तो फोटो काढल्याचा क्रम नसतो, सांगण्याचा असतो. घरी पाहुणे आले की भिंतीवर पांढरी चादर लावून ज्या क्रमाने ट्रेकचा किंवा परदेशवारीचा किस्सा सांगितला जायचा, तो त्या ट्रेमध्ये जसाच्या तसा शिल्लक असतो.

चौकटही वाचून घ्या. ५० मिलिमीटर चौरस चौकट, आत २४ बाय ३६ मिलिमीटरची फिल्म, हे बहुतेक सगळीकडे सारखं. कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या चौकटींवर अनेकदा महिना आणि साल छापलेलं किंवा दाबून उमटवलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची (डेव्हलप केल्याची), फोटो काढल्याची नव्हे. मे महिन्यात काढलेला रोल परदेशातल्या नातेवाइकाबरोबर धुवायला गेला असेल तर छाप नोव्हेंबरचाही असू शकतो.

फिल्म कुठली हे कळलं तर पुढचं बरंच सोपं होतं. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म १९३६ पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळत होती. २००९ मध्ये कोडॅकने ती बंद केली आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ती धुवायला घेणं थांबवलं. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही थक्क करते, रंग जागच्या जागी असतात. प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र ती इतरांपेक्षा लवकर उडते, तेव्हा चांगली कोडाक्रोम पुन्हापुन्हा पडद्यावर दाखवायचा मोह आवरा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ई-६ ही धुण्याची पद्धत आली. त्याआधीच्या एक्टाक्रोम (कोडॅकचीच दुसरी स्लाइड फिल्म) आणि त्या काळातल्या काही जर्मन फिल्म्स लालसर, किरमिजी झालेल्या सापडतात. त्यांवर इलाज आहे, तो पुढे येईल.

निवड, आणि काकांना बोलावणं

एलईडीचं पांढरं पॅनेल घ्या किंवा टॅबलेटवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा. त्यावर वीस-वीस स्लाइड्स मांडून मोबाइलने फोटो काढत जा. हे फोटो फक्त यादीसाठी. टॅबलेटच्या स्क्रीनचे ठिपके दिसले तरी बिघडत नाही. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर पेन्सिलीने नंबर घाला. बॉलपेन नको, शाई लागते.

मग हे फोटो टीव्हीवर लावा आणि ज्यांनी ते काढले, किंवा जे त्यात आहेत, त्यांना शेजारी बसवा. मोबाइलचा व्हॉइस रेकॉर्डर सुरू ठेवा. एकच शिस्त पाळायची: प्रत्येक चित्राला तुम्ही मोठ्याने नंबर म्हणायचा. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं, मग पुढे ते दहा मिनिटं मनालीच्या थंडीबद्दल बोलले तरी चालेल. नंतर ऐकताना कुठल्या चित्राचं बोलणं हे सापडतं. लिहून घ्यायला बसलात तर ते तुमच्या पेनाच्या वेगाने बोलायला लागतात आणि निम्मं राहून जातं. एका बैठकीत फार ताणू नका. तासाभरात थकवा येतो आणि मग सगळे डोंगर ‘बहुतेक हिमाचल’ होतात.

निवड याच बैठकीत होते. एका डब्यातल्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या स्लाइड्स उरल्या तरी पुष्कळ. सूर्यास्त, फुलं, विमानाच्या खिडकीतून दिसणारे ढग यांना हात आखडता घ्या. त्यांहून सरस चित्रं जगात भरपूर आहेत. आजीचा हललेला फोटो मात्र ठेवायचाच, आणि मागच्या दुकानाची पाटी, गल्लीतली स्कूटर, स्वयंपाकघरातला स्टोव्ह दिसतोय तोही. वगळलेल्या स्लाइड्स फेकायच्या नाहीत, फक्त कॅमेऱ्याखाली आणायच्या नाहीत.

धूळ आणि बुरशी

धुळीसाठी रबरी ब्लोअर आणि मऊ, कोरडा ब्रश पुरे. तोंडाने फुंकर घालू नका, वाफेबरोबर थुंकीचे कणही जातात. चष्म्याचं कापड, काचा पुसायचा स्प्रे, ओला बोळा यांपैकी काहीही फिल्मला लावायचं नाही.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा बारीक फांद्यांसारखी दिसते. ती जिलेटिन खाऊन जगते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून बुरशी लागलेल्या स्लाइडला पाण्याचा थेंबही लावायचा नाही. केमिकलच्या दुकानात ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं, ते चालतं. सॅनिटायझर किंवा दवाखान्यातलं स्पिरिट नाही, त्यात पाणी असतं. फिल्म चौकटीतून काढा, कापसाची काडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा आणि एकाच दिशेने हलकेच फिरवा. खिडकी उघडी आणि गॅसची शेगडी लांब हवी. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबायचं. आधी वगळलेल्यांपैकी एखाद्या स्लाइडवर हात बसवून घ्या. महत्त्वाची स्लाइड ओल्या सफाईआधी आहे तशी एकदा टिपून ठेवायचीच, म्हणजे काही बिघडलं तरी चित्र हातचं जात नाही.

काही जणांनी हौसेने काचेच्या चौकटी वापरलेल्या असतात. काच आणि फिल्म जिथे चिकटते तिथे इंद्रधनुषी वर्तुळं येतात, त्यांना न्यूटनची वर्तुळं म्हणतात, आणि ती कॅमेऱ्यातही उतरतात. अशी चौकट पातळ पात्याने कडेने उघडून फिल्म साध्या प्लास्टिकच्या चौकटीत घाला. दमटपणाने फिल्म काचेला चिकटली असेल तर ओढू नका. तशीच काचेसकट टिपा, वर्तुळं सोसा.

आता उपकरण

पर्याय चार, आणि माझं मत आधीच सांगतो: घरात अदलाबदलीच्या लेन्सचा कुठलाही बऱ्यापैकी कॅमेरा असेल तर तोच वापरा.

हजारांत मिळणारे छोटे डबा-कन्व्हर्टर, म्हणजे स्लाइड आत सरकवायची आणि बटण दाबायचं, हे व्हॉट्सअ‍ॅपपुरते ठीक. आकाश पांढरंफटक होतं, सावल्या काळ्या होतात आणि जेपेग फाइलमध्ये ते परत मिळवता येत नाही. फिल्म ठेवायची सोय असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही ६००, एका वेळी चार स्लाइड्स घेतो. खोक्यावर ६४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) लिहिलेलं असलं तरी स्वतंत्र चाचण्यांत त्याचं खरं तपशील पकडण्याचं बळ दीड-दोन हजारांच्या आसपासच निघतं. अल्बम आणि कागदपत्रंही स्कॅन करायची असतील तर तो सोयीचा. खास फिल्म स्कॅनर, प्लस्टेकसारखा, चित्र छान देतो पण सावकाश, आणि प्रत्येक स्लाइड हाताने पुढे सरकवावी लागते. निकॉनचे कूलस्कॅन जुने होऊनही उत्तम आहेत. मात्र ते आता सेकंडहँडच मिळतात आणि निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नसल्याने व्ह्यूस्कॅन घ्यावं लागतं.

स्कॅनरचा एक मोठा फायदा कॅमेऱ्याला नाही: इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून पुसणं. रंगीत ई-६ स्लाइड्सवर ते जादूसारखं चालतं. चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालतच नाही आणि कोडाक्रोमवर भरवशाचं नाही, कडा खराब करतं.

आकाराचा हिशेब एकदा करून टाकू. ३६ मिलिमीटर म्हणजे साधारण १.४२ इंच. ४००० डीपीआयने स्कॅन केलं तर चित्र साधारण ५६७० बाय ३७८० पिक्सेल, म्हणजे २१ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा हे एका क्लिकमध्ये देतो. हातात धरून काढलेल्या घरगुती स्लाइडमध्ये याहून जास्त तपशील क्वचितच असतो, त्यापुढे फक्त फिल्मचे दाणे मोठे दिसतात.

कॅमेऱ्याची मांडणी

फुल-फ्रेम कॅमेऱ्याला, म्हणजे ज्याचा सेन्सर स्लाइडच्या चित्राएवढा असतो त्याला, १:१ पर्यंत जाणारी (सेन्सरवर वस्तू मुळाएवढीच उमटवणारी) मॅक्रो लेन्स लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यात सेन्सर लहान, त्यामुळे साधारण ०.६५ पट पुरतं. मॅक्रो लेन्स नसेल तर जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) चालते. ट्यूबची लांबी म्हणजे पट गुणिले लेन्सचं नाभीय अंतर (इथे ५० मिलिमीटर): ०.६५ पटीसाठी सुमारे ३३ मिलिमीटर.

कॅमेरा खाली तोंड करून धरायला ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा बसवा. त्याहून भक्कम म्हणजे जुन्या एन्लार्जरचा, डार्करूममधल्या फोटो मोठे करायच्या यंत्राचा, खांब. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओत कधीकधी सापडतो, आणि वरचं डोकं काढून तिथे कॅमेरा बसवला की वर-खाली करायला त्याच्यासारखं काही नाही.

खाली प्रकाश. एलईडी पॅनेल घेताना रंगांचा खरेपणा सांगणारा सीआरआय आकडा ९५ च्या वर बघा; स्वस्त दिव्यात लाल रंग मरतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. पॅनेलवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवा आणि स्लाइड त्याच्यापासून तीन ते पाच सेंटिमीटर वर. हे अंतर गरजेचं आहे, नाहीतर अ‍ॅक्रिलिकवरचा प्रत्येक कण चित्रात येतो. वर काळ्या कार्डपेपरचा पडदा, त्यात स्लाइडच्या चित्रापुरतं भोक, आणि भोकाच्या दोन बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या काटकोनात चिकटवलेल्या. प्रत्येक स्लाइड त्या कोपऱ्यात सरकवली की जागच्या जागी बसते. या पट्ट्यांवर अर्धा तास घालवलात तर दिवसाला दोनशे-तीनशे स्लाइड्स सहज होतात. न घालवलात तर प्रत्येक स्लाइड सरळ करत बसाल.

कॅमेरा समांतर आहे का, हे बघायची युक्ती: स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं.

टिपणं

आयएसओ १००, छिद्र एफ ८, फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न दाबलेली माहिती), इमेज स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. फोकस हाताने, स्क्रीनवर पूर्ण मोठं करून फिल्मच्या दाण्यांवर. पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्म थोडी फुगलेली असते. मध्याच्या आणि कडेच्या मधोमध फोकस ठेवला की एफ ८ बाकीचं सांभाळून घेतं. खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फिल्मच्या चकचकीत बाजूवर पडतं. चित्रात आडवे पट्टे दिसले तर तो दिव्याचा लुकलुकाट. इलेक्ट्रॉनिक शटर सोडून यांत्रिक शटर लावा आणि वेग कमी करा. शटर उघडं असताना स्वयंपाकघरात मिक्सर नको. फरशीतून कंप येतो आणि १:१ वर तो दिसतो.

एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवायला स्लाइड न ठेवता नुसता प्रकाश टिपा, हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकायच्या जरा आधी थांबेल असा. व्हाइट बॅलन्सही (कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचं ते) याच प्रकाशावर एकदा पक्का करा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक सूर्यास्त ‘दुरुस्त’ करत सुटतो. बहुतेक स्लाइड्सना हेच एक एक्स्पोजर चालतं.

अपवाद काळोख्या स्लाइड्सचा. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेची स्लाइड डोळ्यांसमोर आणा: मध्ये पिंड, कमरेएवढं पाणी, चारपैकी शाबूत राहिलेला एकच खांब आणि गुहेच्या तोंडातून येणारा उजेड. ठरलेल्या एक्स्पोजरवर तोंडाकडचा उजेड नीट येतो, खांबाचा अर्धा भाग काळ्यात जातो. स्लाइड जागची न हलवता दोन स्टॉप वाढवून, म्हणजे चौपट प्रकाश देऊन, दुसरा फोटो घ्या. त्यात उजेड पार फुटतो, पण खांबावरच्या रेषा आणि पाण्यात उभ्या माणसाचा चेहरा वर येतो. नंतर दोन्ही फाइली एकत्र करता येतात, किंवा नुसता दुसरा फोटोही चेहऱ्यासाठी पुरतो. प्रोजेक्टरवर कधी न दिसलेलं माणूस अशा वेळी सापडतं.

उलटसुलटाचा घोळ शेकडा दहा-वीस स्लाइड्सना होतोच. चकचकीत बाजू तुमच्याकडे असली की चित्र सुलटं दिसतं. निस्तेज बाजूकडे, जिथे तिरप्या उजेडात चित्राचा उठाव दिसतो, पाहिलं की उलटं. बहुतेक लोक प्रोजेक्टरसाठी चौकटीवर एक ठिपका काढून ठेवत. चित्र हातात सरळ आणि सुलटं धरलं की हा ठिपका डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात यायला हवा. ठिपका नसेल तर चित्रातली दुकानाची पाटी वाचा. पाटीही नसेल तर पुरुषांच्या शर्टाचा खिसा बघा, तो डाव्या छातीवर असतो. किंवा पदर, तो डाव्या खांद्यावर. गुजराती पद्धतीने पदर पुढे घेतलेल्या बाईंवरून मात्र निर्णय देऊ नका.

रंग परत आणणं

डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप ही फोटो सुधारायची तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. पहिली फाइल नीट करा, तिच्या सेटिंग्ज त्याच रोलच्या बाकीच्यांवर चिकटवा, मग एकेक बघत जा.

लाल पडलेल्या स्लाइडमध्ये निळसर-हिरवा रंग, म्हणजे सायन, उडालेला असतो. सायनचं काम लाल प्रकाश अडवणं. तो उडाला की सावल्यांतूनही लाल आत येतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या ‘लेव्हल्स’ या खिडकीत लाल चॅनेल उघडलात तर त्याच्या आलेखाचा डोंगर डावीकडच्या काळ्या टोकापासून बराच दूर सुरू होतो. काळा सरकपट्टा त्या डोंगराच्या पायथ्यापाशी आणा. हिरवा आणि निळा चॅनेल तसेच बघा, त्यांना सहसा थोडंच लागतं. मग लाल चॅनेलचा मधला सरकपट्टा हलवत राहा, जोपर्यंत बर्फ, पांढरा सदरा किंवा सह्याद्रीचा काळा कातळ आपापल्या रंगाचे वाटत नाहीत. चेहरे शेवटी तपासा. पूर्ण उडालेला रंग परत येत नाही. अशा वेळी फाइल कृष्णधवल करून टाकणं हे जास्त प्रामाणिक. कोडाक्रोमच्या फाइलींना बहुधा निळी छटा येते, ती थोडी उबेकडे ढकलली की बस.

धुळीचे ठिपके हीलिंगच्या ब्रशने पुसा, पण चेहऱ्यांवरचेच आणि आकाशातले. झाडापानांतली धूळ कुणाला दिसत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘जुना फोटो नवा करा’ अ‍ॅप्स चेहरे गुळगुळीत करून नवेच नाकडोळे बसवतात. आजोबांच्या चेहऱ्यावर मी ते चालवू देणार नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

नावं, फाइली, प्रती

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबी. तीच १६ बिटच्या टिफमध्ये (दर्जा न गमावणारा मोठा फाइल-प्रकार) १४४ एमबी. हजार स्लाइड्सचे रॉ ३० जीबीत बसतात, टिफला १४४ लागतात. रॉ ठेवा, त्यांतून काढलेल्या उत्तम दर्जाच्या जेपेग ठेवा, टिफ फक्त खास दहा-वीस चित्रांच्या.

फाइलच्या नावात साल, डब्याचा नंबर आणि चौकटीवरचा पेन्सिलीतला नंबर एवढंच: १९८४-डबा३-०४७. बाकी सगळी माहिती फाइलच्या आत, कॅप्शनमध्ये, मराठीत. डिजिकॅम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे चांगलं होतं आणि देवनागरी शोधही चालतो. कॅप्शन असं लिहा: ‘हरिश्चंद्रगड, केदारेश्वर, हिवाळा १९८४. डावीकडून मामा, ऑफिसातले दोघे (नावं आठवत नाहीत), पाण्यात वाटाड्या.’ न आठवणारं ‘आठवत नाही’ असंच लिहायचं, अंदाजाने नाव घालायचं नाही. फोटोची तारीखही बदला, नाहीतर सगळी चित्रं या वर्षात जाऊन बसतील. नेमका दिवस माहीत नसेल तर १ जानेवारी टाका आणि कॅप्शनमध्ये ‘अंदाजे’ लिहा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो लहान होतो आणि आतली कॅप्शनही गळून पडते.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. दुसरं घर शक्यतो दुसऱ्या गावात, अमेरिकेतल्या बहिणीकडे असलं तर आणखी बरं. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नका, वर्षातून एकदा जोडून पाच-पन्नास फाइली उघडून बघा.

आणि मूळ स्लाइड्स फेकू नका. दहा वर्षांनी याच स्लाइडमधून याहून चांगली फाइल निघेल. माळ्यावर उन्हाळ्यात तापतं, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीतल्या कपाटात ओल येते. आतल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट, तेही मधला कप्पा, ही घरातली त्यातल्या त्यात बरी जागा. पीव्हीसीची वासाची पाकिटं नकोत, पॉलिप्रोपिलीनची चालतील. डांबराच्या गोळ्या फिल्मजवळ ठेवू नयेत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या. त्यांचा रंग पालटला की काढून मंद आचेवर कोरड्या तव्यात सुकवा, गार होऊ द्या आणि परत ठेवा. जून लागायच्या आधी हे एकदा करून टाकायचं.